कडेकडेचे हिरवे ठिपके

वहिनींना संशय घ्यायला कारण लागत नाही, समोर माणूस असला की पुरतो, असं त्यांचे यजमान म्हणत. स्वतः यजमान बाहेरून आले की वहिनी आधी त्यांच्या चपलांचे तळवे बघत आणि मग चेहरा. दूधवाल्याने नेहमीपेक्षा जास्त दूध घातलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. कमी घातलं तर भांडता तरी येतं. जास्त घालणाऱ्याच्या मनात काय आहे, हे कसं कळावं?

हा स्वभाव नोकरीत मात्र फार उपयोगी पडला होता. वहिनी जिवाणूंच्या प्रयोगशाळेत काम करत आणि तिथली अर्धी अधिक जबाबदारी त्यांच्यावर होती. कुणाचा निकाल जरा बरा आला की त्या म्हणत, “पुन्हा कर.” तोच निकाल पुन्हा आला की म्हणत, “आता माझ्यासमोर कर.” पोरं पाठीमागे त्यांना फौजदारीण म्हणत आणि तोंडावर वहिनी. वहिनी म्हणायचं कारण असं, की त्यांची धाकटी नणंद चिंगी त्याच प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. ती पहिल्या दिवशी सवयीने सगळ्यांसमोर “अगं वहिनी” म्हणून गेली, आणि तेव्हापासून विभागप्रमुख मोठ्या सरांपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या.

चिंगी म्हणायला नणंद. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ती पाढे पाठ करण्याच्या वयाची होती आणि सासू-सासरे दोघंही गेलेले होते. तिच्या वेण्या वहिनींनी घातल्या, तापात तिच्या उशाशी वहिनी बसल्या, आणि कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली तिला पहिल्यांदा दाखवला तोही वहिनींनीच. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. चिंगी घरात होती म्हणून त्याचं दुःखही फारसं झालं नाही. ही पोरगी आपल्यापासून काही लपवेल, ही कल्पनाच वहिनींना सहन होत नसे. सहन होत नसे म्हणूनच बहुधा ती रोज डोक्यात येई.

त्यांचं काम तसं सांगायला सोपं. मातीत एक जिवाणू असतो. खायला मिळेनासं झालं की तो गाशा गुंडाळतो, अंगावर जाडजूड कोट चढवतो आणि झोपी जातो. हा झोपलेला गोळा म्हणजे बीजाणू. त्याला वाळवा, तापवा, कपाटात टाकून विसरून जा, तो आपला ढिम्म. या कोटावर एखादं उपयोगी प्रथिन बिल्ल्यासारखं टाचता आलं, तर वासरांच्या हगवणीवरची लस थेट खाद्यातून चारता येईल. सुई नको की बर्फ नको. ग्यानबाची मेख अशी, की बिल्ला नेमका कोट शिवला जात असतानाच तयार व्हायला हवा. लवकर झाला तर जिवाणू त्याचा चट्टामट्टा करतो, उशीर झाला तर कोट शिवून संपलेला असतो. म्हणून त्या प्रथिनाच्या जनुकाआधी जिवाणूचाच एक छोटा तुकडा जोडतात. त्याला प्रमोटर म्हणतात. जनुकाने कधी जागं व्हायचं आणि किती जोमाने कामाला लागायचं, हे तो ठरवतो.

वहिनींनी असे बरेच प्रमोटर चाचपले होते. बहुतेक आळशी निघाले. आठवा मात्र ऐन वेळी ताडकन उठणारा निघाला. बिल्ल्याला चमकणारं प्रथिन जोडलेलं असल्यामुळे निळ्या दिव्याखाली प्रमोटरची गुणवत्ता डोळ्यांनी दिसे. आठव्याची वसाहत म्हणजे घसघशीत हिरवा ठिपका. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘आठवा’च म्हणत. त्याच्या कुप्या वहिनींच्या डब्यात, डब्याला कुलूप, आणि किल्ली वहिनींच्या पर्समध्ये.

चिंगीचं काम उरलेल्या आळशांवर होतं. कोणता किती आळशी, हे मोजायचं. त्याच्या जोडीला एक प्लेट, म्हणजे खाद्य ओतलेली झाकणाची बशी, अशी ठेवायची, की जिच्यावरच्या जिवाणूंना प्रमोटर जोडलेलाच नाही. ती काळोखीच राहिली पाहिजे. ती उजळली तर बाकीच्या मोजमापाला काडीची किंमत नाही आणि चिंगीच्या प्रबंधालाही नाही.

सुरुवात झाली ती जिन्यात. वहिनी वर येत होत्या आणि वरच्या वळणावर चिंगी फोनवर हळू आवाजात बोलत होती. “नाही सर, घरी अजून सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच.” पावलं ऐकू आली तसा तिने फोन ठेवला आणि म्हणाली, “बँकेचा होता गं.”

बँकेतल्या कोणत्या सरांना वहिनीची एवढी काळजी? वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. विचारायचं सोडून त्या म्हणाल्या, “हो का?” आणि पुढे गेल्या. वहिनींचं तत्त्वच होतं, की संशयिताला कधी सरळ विचारू नये. तो सावध होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी मंडळी कॅन्टीनला गेल्यावर त्या मागे राहिल्या. सकाळभर आठव्याचे बीजाणू धुऊन, गाळून, कुप्यांत भरून झाले होते. हातमोजे काढून टाकले, हातांवर स्पिरिट चोळलं आणि त्या उबदार कपाटातल्या चिंगीच्या फळीपाशी गेल्या. एकेक प्लेट काढली, झाकण उचलून निळ्या दिव्याखाली धरली. सगळं जिथल्या तिथे होतं. मिणमिणते मिणमिणत होते, काळोखी काळोखी होती. काहीही वावगं सापडलं नाही आणि त्यामुळे वहिनींचा संशय दुणावला. इतकं चोख कोण ठेवतं? ज्याला कुणी बघणार याची धास्ती असते तोच.

म्हणून त्यांनी दोन दिवसांनी आणखी एकदा बघायचं ठरवलं. आणि या खेपेला सापडलं.

काळोख्या प्लेटच्या अगदी कडेला हिरवे ठिपके होते. मिणमिणते नव्हेत, चांगले घसघशीत. वहिनींनी दुसरी प्लेट उचलली, तिच्याही कडेला होते. तिसरीच्याही. मधल्या भागात चिंगीने पेरलेल्या वसाहती नेहमीसारख्या, आणि कडेकडेने हे उपरे, चोरपावलांनी आल्यासारखे. हा हिरवा रंग वहिनी झोपेतही ओळखल्या असत्या.

त्यांनी टोकदार काडीने एक ठिपका उचलला, कुपीत घातला आणि त्याचं जनुक वाचायला बाहेर पाठवून दिलं, स्वतःच्या नावाने, गुपचूप. उत्तर यायला वेळ होता. तेवढ्यात त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे रोज जेवणाच्या सुट्टीत चिंगीची फळी तपासायला लागल्या. सकाळचं काम संपलं की हातांवर स्पिरिट, की थेट कपाट. दुसरं म्हणजे घरात डोळ्यात तेल घालून बघायला लागल्या. आणि बघायला लागलं की दिसतंच. चिंगी लॅपटॉप मिटते. चिंगी जेवताना गप्प असते. आपली पर्स दाराशेजारच्या खुंटीला लटकते, तिथून किल्ली काढून परत ठेवायला कितीसा वेळ लागतो? बाहेरच्याला जमणार नाही, पण घरातल्याला?

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी खडा टाकून बघितला. “प्लेटा कशा येतायत गं तुझ्या?”

“जरा गडबड आहे,” चिंगी म्हणाली.

“कसली गडबड?”

“बघतेय अजून. नक्की कळलं की सांगते.” मग तिने देठ बाजूला सारले आणि वहिनींकडे जरा जास्तच वेळ बघत विचारलं, “तुला काही विचारायचंय का, वहिनी?”

“मला? छे. मला काय विचारायचं असणार!”

चिंगी उठून आत गेल्यावर यजमान पेपरच्या आडून म्हणाले, “काय चाललंय तुझं? सरळ विचार ना तिला, जे काय असेल ते.”

“चोराला कुणी सरळ विचारतं का?” वहिनी बोलून गेल्या.

यजमानांनी पेपर खाली ठेवला. “चोर? कोण, आपली चिंगी?” ते एवढंच म्हणाले, पण त्या रात्री ते वहिनींशी धड बोलले नाहीत. वहिनींना वाटलं, भावाचं काळीज, बहिणीला पाठीशी घालणारच. यांनाही माहीत असेल का सगळं?

जनुक वाचून आलं. तो आठवाच होता. अक्षराला अक्षर जुळत होतं, कुठे काना-मात्रेचाही फरक नाही.

तो कागद घेऊन वहिनी मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. सर भला माणूस, पण भांडण म्हटलं की त्यांना लगेच पाणी प्यावंसं वाटे. त्यांनी कागद वाचला, पाणी पिऊन पुन्हा वाचला.

“वहिनी, मी हे बोलणार नव्हतो,” ते म्हणाले. “चिंगीने माझ्याकडून शिफारसपत्र नेलंय. दुसऱ्या संस्थेत जागा निघालीये, लांब आहे. त्यांचंही काम बीजाणूंवरच. घरी मीच सांगेन, तुम्ही बोलू नका, म्हणाली होती.”

सगळं जुळलं. जिन्यातले सर, मिटलेला लॅपटॉप, कडेचे ठिपके. आठवा हळूच आपल्या जिवाणूंत मिसळून न्यायचा आणि तिकडे जाऊन स्वतःचा म्हणून वाढवायचा. वहिनींना त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आधी वाटलं ते समाधान. आपण उगीच संशय घेत नव्हतो याचं. वाईट वाटलं ते खोलीबाहेर आल्यावर, आणि इतकं वाटलं की त्या हात धुवायच्या बेसिनपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. पोरगी जाणार होती, आणि जाताना घर फोडून जाणार होती.

“चोरी ठरली तर प्रबंध थांबवावा लागेल,” सर म्हणाले होते. “कदाचित कायमचाच. आणि ती जागाही जाईल. नीट विचार करा.”

“नियम तो नियम,” वहिनी म्हणाल्या होत्या.

सकाळी सरांच्या खोलीत तिघंच बसली. सरांनी कागद चिंगीपुढे सरकवला आणि आडवळणाने, दोनदा खाकरून, एकदाचं विचारलं. चिंगीने कागद वाचला. ती रडेल किंवा भडकेल असं वहिनींना वाटलं होतं. ती म्हणाली, “एक मिनिट सर,” आणि बाहेर जाऊन प्लेटची एक चळत घेऊन आली.

“ठिपके मलाही दिसले होते,” ती म्हणाली. “आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. सगळं नव्याने केलं, तरी कडेला तेच. मी पेरते ती मध्ये. कडेला माझी काडी जातच नाही. म्हणून मी फळीवर या ठेवल्या. या कोऱ्या आहेत. यांच्यावर मी काहीच पेरलेलं नाही, फक्त खाद्य ओतलेलं आहे. निम्म्यांना झाकणाभोवती चिकटपट्टी लावली, निम्म्या तशाच ठेवल्या.”

तिने निळा दिवा लावला. चिकटपट्टीच्या प्लेट काळ्याकुट्ट होत्या. उघड्या प्लेटच्या कडेला हिरवे ठिपके होते. एका बाजूला चार पुंजके जवळजवळ, आणि त्यांच्या समोरच्या बाजूला एक, जरा मोठा.

“चोरायचंच असतं, तर कोऱ्या प्लेटवर कशाला चोरू?” चिंगी म्हणाली. “कुणीतरी झाकण उचलतं, सर. त्या माणसाच्या हाताला आठवा असतो.”

सर पाणी प्यायले. “अगं, पण ते हात तुझेच नसतील कशावरून? कुपी तू काढलीस, हाताला लागलं, आणि तुझ्याच हाताने या प्लेटवर आलं. यातून तू सुटत नाहीस. तुझी फळी दुसरं कोण उघडतं?”

चिंगी प्लेटची चळत सरळ करू लागली.

“कुणाला उघडताना बघितलंस?”

“माहीत नाही, सर.”

वहिनी त्या चार पुंजक्यांकडे बघत होत्या. चार बोटं आणि अंगठा. झाकण उचलताना बोटं आतल्या कडेला टेकतात, घाईत असलं की जरा जास्तच टेकतात. हातमोजे ओढून काढताना त्यांच्यावरचे बीजाणू बोटांना लागतात, आणि घाईत असलं की माणूस साबणाने हात धूत नाही, नुसतं स्पिरिट चोळतो. जिवंत जिवाणू स्पिरिटने मरतात. बीजाणू मरत नाहीत. ते या बोटावरून त्या बोटावर जातात, एवढंच. प्रयोगशाळेत आलेल्या नवख्या पोराला सर्वांत आधी हे शिकवतात, आणि शिकवतात वहिनीच. पण रोज दुपारी त्यांचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या हातांवर होतं. पहिल्या दिवशी चिंगीच्या प्लेट स्वच्छ होत्या, कारण तोवर वहिनींनी त्या उघडल्या नव्हत्या. जितक्या वेळा पुरावा शोधायला गेल्या तितक्या वेळा तो स्वतःच्या बोटांनी पेरून आल्या.

त्यांनी हात टेबलाखाली घेतले. खोलीत कुणालाच काही कळलेलं नव्हतं. सर चिंगीकडे बघत होते आणि चिंगी टेबलाकडे. आपण आता गप्प बसलो तर काय होईल, हे वहिनींना लख्ख दिसलं. नियम तो नियम. पोरीचा प्रबंध जाईल, जागा जाईल, आणि मग ती कुठेच जाणार नाही, घरीच राहील. हा विचार मनात आला याची वहिनींना इतकी शरम वाटली, की त्या ताडकन उभ्याच राहिल्या.

“मी उघडते,” त्या म्हणाल्या.

“काय उघडता?” सरांना कळेना.

“तिची फळी. जेवणाच्या सुट्टीत, रोज. सकाळी आठव्याचं काम करून नुसतं स्पिरिट लावून जात होते. ही माझी बोटं आहेत, सर.” आता थांबून चालणार नव्हतं. “तिने काही चोरलेलं नाही. मी चोरून बघत होते.”

“वहिनी, तुम्ही?” सर म्हणाले. ते पाणी प्यायचंही विसरले. मग त्यांनी तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि म्हणाले, “चिंगी, मोजमापं नव्या प्लेटवर पुन्हा घे. प्रबंध वेळेवरच जाईल. आणि वहिनी, तुम्ही काही दिवस... नंतर बोलू आपण.”

काय झालं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. नवख्या पोरांनी बेसिनपाशी साबणाची नवी वडी ठेवली, आणि वहिनी आल्या तशी बाजूला होऊन त्यांना जागा दिली. वहिनींनी निमूटपणे हात धुतले.

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या पायीच घरी निघाल्या. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं होती, सायकलींच्या घंटा होत्या, एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता.

“तुला कळलं होतं ना, मीच उघडते ते?” शेवटी वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“कधीपासून?”

“कोऱ्या प्लेटवर ठिपके उगवले तेव्हापासून. आठव्याला तुझ्याशिवाय हात कोण लावतं, वहिनी? आणि तुझे हात मला माहीत नसतील का?”

“मग मला येऊन बोलली का नाहीस? आज सकाळीसुद्धा? तुझं सगळं जात होतं, चिंगे, आणि तू माहीत नाही म्हणतेस?”

चिंगी चालत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. “वाट बघत होते,” ती म्हणाली. “तू एकदा मला विचारशील म्हणून. भाजी निवडताना मी तुला तशी वाटही करून दिली होती, वहिनी. तू छे म्हणालीस. मग वाटलं, बघू या, हिला माझ्याबद्दल काय काय वाटू शकतं. आज कळलं.”

चिंगीचा वेग जरा जास्त होता आणि तिला गाठायला हवं होतं. “चुकलं माझं,” वहिनी मागून म्हणाल्या. “फार चुकलं. तू मला हवं ते बोल, पण बोल.”

“त्या जागेचं मी तुला सांगितलं नाही, कारण मी नाही म्हणणार होते,” चिंगी म्हणाली. “शिफारसपत्र नेलं, अर्ज केला, त्यांनी बोलावलंही. पण तुला सोडून जायचं म्हटलं की माझ्याने होईना. म्हटलं, जायचंच नाही तर तुला कशाला उगीच घोर.”

पाटी पुसणारा माणूस शिडीवरून उतरत होता. त्याला वाट द्यायला दोघी थांबल्या आणि क्षणभर एकमेकींसमोर आल्या. वहिनींनी चिंगीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे लपवलेलं काहीच नव्हतं. कधीच नसावं. आणि मग त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, आडपडदा न ठेवता, ज्याचं उत्तर नको होतं तेच विचारलं.

“आता जाणार का गं तू?”

“हो,” चिंगी म्हणाली.